तरुण घोड्याच्या वळणातील दोष : कारणे व दुरुस्ती

प्रस्तावना :
‘बॅरल रेसिंग’ हा अश्वक्रीडेचा प्रकार मूळचा अमेरिकेतील आहे. १९४८ साली टेक्सास प्रांतात स्त्री-स्वारांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केल्यावर त्यास नियमबद्ध स्वरूप आले. मैदानात त्रिकोणात मांडलेल्या तीन पिंपांना वळसे घालून स्वाराने कमीत कमी वेळात परतावयाचे असते. मानक आखणीत पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर असते आणि तिसरे पिंप त्या दोहोंपासून प्रत्येकी १०५ फुटांवर असते. पिंप पडल्यास वेळेत पाच सेकंद मिळविले जातात. एक वळण एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस, अशी रचना असल्याने घोड्याच्या दोन्ही अंगांची परीक्षा होते.

आपल्याकडे हा खेळ रुजलेला नाही, परंतु त्यातील मूळ प्रश्न आपल्याला नवा नाही. वेगात असलेल्या कोवळ्या घोड्याने तोल न सोडता कसे वळावे, हाच तो प्रश्न होय. घोड्यास लांब दोरीवर वर्तुळात फिरविण्याला जुन्या मराठीत ‘कावा देणे’ म्हणत. ‘गनिमी काव्या’तील कावा याच फिरण्याशी जोडला जातो. चाबूकस्वार म्हणजे घोडा तयार करणारा जाणकार, आणि शिंगराच्या शिक्षणात कावा हा त्याचा पायाभूत पाठ होता. वळणातील बहुतेक दोषांचे मूळ वळणात नसून त्याच्या आधीच्या दहा पावलांत असते आणि त्यांची दुरुस्ती लगाम ओढून होत नाही, तर या जुन्या संथ वर्तुळाकडे परतल्याने होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वळणाचे गणित :
वर्तुळात धावणाऱ्या शरीरास केंद्राकडे खेचणाऱ्या बलाची गरज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच मीटर त्रिज्येच्या वळणात सेकंदाला पाच मीटर वेगाने जाणाऱ्या घोड्यास सुमारे २७ अंश आत कलावे लागते. वेग सात मीटर झाला की हाच कल ४५ अंशांवर जातो. वेगात केवळ दोन मीटरची वाढ, पण पायांवरील मागणी जवळजवळ दुप्पट. उभ्या घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असते. स्वार पुढे झुकला तर त्यात भर पडते. अशा वेळी घोडा आतला खांदा टाकतो, मागचा भाग बाहेर फेकतो किंवा वळण सोडून सरळ पुढे निघून जातो. हे वर्तन आपण ‘हट्टीपणा’ म्हणून नोंदवितो. वस्तुतः तो तोल सावरण्याचा प्रयत्न असतो.

आषाढी वारीतील गोल रिंगण येथे उद्बोधक ठरते. माउलींच्या पालखी सोहळ्यात स्वाराच्या अश्वासोबत माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना वर्तुळात भरधाव धावतो. रिंगणाची त्रिज्या मोठी असते आणि वारकऱ्यांच्या कड्यांमुळे मार्ग आखलेलाच असतो, हे मान्य करावे लागेल. तरीही मोकळा घोडा स्वतःचा तोल स्वतः राखतो, एवढे तेथे स्पष्ट दिसते. अडचण पाठीवर माणूस आल्यावर सुरू होते.

दोषांचे निदान :
दुरुस्तीपूर्वी दुखणे वगळणे अत्यावश्यक आहे. दातांचे टोक गालास बोचणे, खोगीर खांद्यावर रुतणे, नाल चुकीचा बसणे, मागच्या पायाच्या सांध्यात वेदना असणे, यांपैकी कोणतेही कारण घोड्यास एका बाजूच्या वळणापासून परावृत्त करते. दोष एकाच बाजूस दिसत असेल तर पशुवैद्य व नालबंद यांना प्रथम बोलवावे. वयाचाही विचार हवा. गुडघ्यालगतच्या हाडांची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत पूर्ण होते, परंतु पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपलीकडेही चालते. तीन वर्षांच्या घोड्यास पिंपांभोवती रोज भरधाव फिरविणे म्हणूनच महागात पडते. (सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे भोवरे बारकाईने तपासले जातात. तो दोन्ही बाजूंस सारखा वळतो का, हेही तितक्याच बारकाईने पाहिले जावे.)

दुसरे कारण स्वार. स्वाराची नजर पिंपावर खिळली की त्याचे शरीर आत झुकते, घोडा त्याच रेषेत जातो आणि पिंप पडते. तिसरे कारण सवय. तीच आखणी रोज गिरविल्याने घोडा पिंप येण्याआधीच वळू लागतो.

दुरुस्ती :
प्रथम पिंपे बाजूला ठेवावीत. पंधरा-वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात चालीने, नंतर दुडक्या चालीने, दोन्ही बाजूंस फिरवावे. वर्तुळ हळूहळू आवळावे व पुन्हा सैल करावे. सैल करताना आतल्या पायाच्या दाबाने घोड्यास बाहेर सरकविणे हा या पाठाचा गाभा आहे, कारण खांदा उचलला जातो तो येथेच. आतला लगाम केवळ दिशा दाखवितो, बाहेरचा लगाम खांद्यास आवर घालतो. आतला लगाम जोराने ओढल्यास मान वळते, पण धड सरळच राहते आणि नेमका मूळ दोष बळावतो. कडक लगामाने तर तोंड बधिर होते, वळण सुधारत नाही.

त्यानंतर एकच पिंप ठेवावे. त्याच्यापासून दीड-दोन मीटर जागा सोडून यावे, वळण्यापूर्वी थांबावे, एक पाऊल मागे घ्यावे आणि मग चालीने वळावे. या थांब्याने वजन मागच्या पायांवर जाते. घाई करणाऱ्या घोड्यास कधी पिंपाजवळून सरळ पुढे न्यावे, कधी दोन फेरे घालावेत, म्हणजे तो अंदाज बांधण्याऐवजी स्वाराच्या सूचनेची वाट पाहू लागतो. दौडीत उजव्या वळणास उजवा आणि डाव्या वळणास डावा पुढचा पाय आघाडीवर हवा. तो चुकल्यास दुडक्या चालीवर उतरून पुन्हा सुरुवात करावी. रोज वीस मिनिटांचा सराव पुरे.

मैदानाची प्रत हा मुळशीसारख्या अतिपावसाच्या तालुक्यात कळीचा मुद्दा ठरतो. भरे परिसरातील भातखाचरांच्या चिकण मातीत पावसाळ्यात टाप घसरते आणि एकदा घसरलेला तरुण घोडा त्या बाजूस वळण्यास पुढे कित्येक आठवडे कचरतो. जून ते सप्टेंबर या काळात निचऱ्याच्या वाळूमिश्रित जमिनीवर केवळ चालीचा सराव ठेवावा. दौड दसऱ्यानंतर, जमीन वाळल्यावर घ्यावी, आणि तीही दोन्ही बाजूंची दुडकी वळणे सलग आठवडाभर निर्दोष झाल्यावरच.