पात्यातले पोलाद : युरोपीय तलवारीच्या घडणीचे विज्ञान

मध्ययुगीन युरोपातील तलवार अतिशय जड असे आणि ती चालवायला राक्षसी ताकद लागे, ही समजूत चित्रपटांनी व कादंबऱ्यांनी घट्ट रुजवली आहे. प्रत्यक्षात संग्रहालयांतील एकहाती तलवारी तराजूत ठेवल्या तर त्या साधारणपणे एक ते सव्वा किलो भरतात, आणि दोन्ही हातांनी चालवायची लांब तलवारही बहुधा दीड किलोच्या आसपास असते. एवढ्या थोड्या धातूतून पाऊण मीटरहून लांब, वाकले तरी पुन्हा सरळ होणारे आणि तरीही धार धरणारे पाते कसे साधायचे, हा प्रश्न युरोपातील कारागिरांसमोर तीन हजारांहून अधिक वर्षे होता, आणि तलवारीचे बदलत गेलेले रूप हे त्याला मिळालेल्या वेगवेगळ्या उत्तरांचे रूप आहे.

पहिले उत्तर कांशाचे होते. सुमारे नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील यांचा हा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतता येतो आणि धारेवर हातोडीने ठोकून तिथे तो अधिक कडक करता येतो. एजियन प्रदेशातील आरंभीच्या लांब तलवारींत मूठ पात्याला रिव्हेटांनी जोडलेली असे. भोसकताना हा सांधा टिके, परंतु आडवा घाव घालताना सगळा ताण रिव्हेटांवर येऊन तो उखडे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पाते आणि मुठीचा गाभा एकसंध ओतण्याची पद्धत रूढ झाली. ज्युलियस नाऊए या जर्मन पुरातत्त्वज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार मध्य युरोपापासून पूर्व भूमध्य समुद्रापर्यंत पसरला, कारण त्या तलवारीने भोसकता येई तसाच निर्धास्तपणे घावही घालता येई.

लोखंड कांशाहून सरस होते म्हणून ते आले, हे अर्धसत्य आहे. कथील मोजक्या ठिकाणी सापडे, तर लोहखनिज जवळपास सर्वत्र उपलब्ध होते, हे त्यामागचे मोठे कारण होते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते आणि तेवढे तापमान त्या काळच्या भट्टीत मिळत नसे. त्यामुळे कोळशाच्या आचेत खनिजातून मळीने भरलेला सच्छिद्र गोळा हाती येई आणि तो पुन्हापुन्हा तापवून, ठोकून, मळी पिळून काढावी लागे. असे लोखंड मऊ असते. गॉल या केल्टिक योद्ध्यांच्या तलवारी पहिल्याच घावाला वाकत आणि त्या पायाने दाबून सरळ कराव्या लागत, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहिले आहे. उत्खननात मिळालेल्या केल्टिक पात्यांच्या तपासणीत मात्र काही खरोखरच मऊ तर काही उत्तम पोलादाची निघाली, म्हणजे त्याचे विधान सरसकट सर्व तलवारींना लागू करता येत नाही.

फरक पाडणारा घटक कार्बन होता. लोखंडात वजनाच्या साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन मुरला की त्याचे पोलाद होते, आणि असे पोलाद लाल तापवून त्याला ‘पाणी दिले’, म्हणजे ते झटकन थंड केले, की कार्बनचे अणू स्फटिकाच्या जाळीतच अडकून पडतात आणि मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. ही रचना ठिसूळही असते, म्हणून पाते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडा कडकपणा सोडून द्यावा लागतो आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळवावा लागतो. अडचण अशी, की प्रारंभिक मध्ययुगात एकजिनसी पोलादाचा मोठा तुकडा दुर्मीळ होता. त्यावर लोहारांनी काढलेला तोडगा धातुशास्त्राच्या इतिहासातील सर्वांत देखण्या उपायांपैकी एक आहे: वेगवेगळ्या गुणांच्या लोखंडाच्या सळ्या एकत्र जुळवून, पिळून आणि ठोकून पात्याचा गाभा बनवायचा आणि त्याला दोन्ही कडांनी धारेचे पोलाद जोडायचे. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ साली उघडलेल्या, सातव्या शतकाच्या आरंभीच्या नौकादफनात सापडलेली तलवार गंजून म्यानाशी एकजीव झाली होती. क्ष-किरणांखाली मात्र तिच्या गाभ्यातील सळ्यांच्या आठ जुड्या आणि त्यांचे पीळ स्पष्ट उमटले. गाभ्यातील फॉस्फरसयुक्त लोखंड उजळ दिसते, त्यामुळे घासलेल्या पात्यावर वळणावळणाची नक्षी उठे, आणि ती घडवणाऱ्याच्या हाताची ग्वाहीही देई.

चांगले पोलाद अधिक प्रमाणात मिळू लागल्यावर ही पिळाची पद्धत मागे पडली. नवव्या ते अकराव्या शतकातील सुमारे १७० पात्यांवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव लोखंडी तार ठोकून बसवलेले आढळते. दोन शतकांहून अधिक काळ चाललेले हे नाव एका व्यक्तीचे असणे शक्य नाही. धातुशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी तपासलेल्या यांपैकी काही पात्यांत कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि मळी जवळजवळ नाही, असे आढळले. यावरून ते पोलाद मुशीत वितळवलेले असावे आणि व्होल्गा नदीच्या व्यापारमार्गाने पूर्वेकडून आले असावे, असे त्यांनी सुचवले. या अनुमानावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच नावाची हलक्या पोलादाची पातीही मिळतात, म्हणजे नावाची नक्कल होत होती. अशा पात्यांना किती मागणी होती याचा अंदाज दुसऱ्या एका कागदावरून येतो: फ्रँक राजा टकला चार्ल्स याने ८६४ साली नॉर्समन आक्रमकांना शस्त्रे विकण्यास बंदी घातली होती.

धातूइतकेच महत्त्व आकाराला आहे. पात्याच्या मध्यातून जाणारी पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हा गैरसमज सोडून द्यायला हवा. पाते वाकते तेव्हा ताण बाहेरच्या पृष्ठांवर सर्वाधिक आणि जाडीच्या मध्यभागी नगण्य असतो, त्यामुळे पन्हळ पाडून तिच्या बाजूंना जाडी राखली तर वजन बरेच घटते आणि ताठपणा त्या मानाने फारच थोडा कमी होतो. पाते टोकाकडे निमुळते होत जाणे आणि मुठीच्या शेवटी धातूचा जड गोळा असणे या दोन्ही गोष्टींनी गुरुत्वमध्य हाताकडे सरकतो, बहुतेक तलवारींत परजेपासून वीतभर अंतराच्या आत, आणि म्हणूनच सव्वा किलोचे शस्त्र मनगटाच्या हालचालीने वळवता येते. तोल साधलेली तलवार हातात हलकी वाटते ती याच वाटणीमुळे.

चौदाव्या शतकात या वाटणीचा हिशेब चिलखताने बदलला. गॉटलंड बेटावरील व्हिस्बी येथील १३६१ सालच्या लढाईनंतर पुरलेल्या मृतांच्या हाडांवर घावांच्या खुणा मोठ्या प्रमाणावर पायांच्या खालच्या भागात आढळतात, कारण धड चिलखताने आणि ढालीने झाकलेले असे. पोलादी पत्र्याच्या चिलखतावर धारेचा घाव घसरतो. वार करायचा तर सांध्यांच्या फटीत टोक घुसवावे लागते. टोक घुसवताना पाते लवू नये म्हणून त्याचा छेद सपाट न ठेवता मध्यावर उंच कणा असलेला, समभुज चौकोनासारखा केला गेला. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, या नियमाचा हा थेट वापर आहे. इंग्रज अभ्यासक युवर्ट ओकशॉट यांनी विसाव्या शतकात केलेल्या वर्गीकरणात हा बदल ठळकपणे दिसतो: दहाव्या प्रकारातील रुंद, पन्हळीचे पाते पंधराव्या प्रकारात येईपर्यंत तीक्ष्ण त्रिकोणी झालेले असते. हान्स टालहोफर या जर्मन तलवारबाजाच्या १४६७ च्या सचित्र हस्तलिखितात लढवय्ये एक हात पात्यावर धरून टोक नेमके रोखताना दिसतात.

बंदुकीमुळे चिलखत मागे पडू लागले त्या सोळाव्या शतकात लांब, अरुंद, भोसकण्याची रेपियर नागरी वेशाचा भाग बनली, आणि हातमोज्याविना उघडी बोटे वाचवण्यासाठी परजेभोवती कड्यांचे जाळे वाढत गेले. टोलेडो आणि सोलिंगेनसारख्या केंद्रांतून पाती दूरदूर जाऊ लागली. पोर्तुगीज व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या सरळ युरोपीय पात्यांना दख्खनमध्ये देशी मूठ बसवून फिरंग तयार होई, आणि काही दांडपट्ट्यांतही अशीच पाती आहेत. मूठ ज्याची त्याची आणि पाते बाजारातून, ही सोय तोपर्यंत सर्वत्र रुळली होती.

घोडदळात पुढेही धार आणि टोक यांचा वाद चालू राहिला. जॉन गास्पार ल मार्शां यांच्या पुढाकाराने ब्रिटिश हलक्या घोडदळाने १७९६ मध्ये स्वीकारलेली वाकडी तलवार टोकाजवळ रुंद होती, म्हणजे वजन मुद्दाम पुढे नेऊन घावाची खोली वाढवली होती. त्याच सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या तलवारीत नेमके उलटे केले गेले: पाते सरळ, अरुंद आणि ताठ, पुढचे वजन कमी, संपूर्ण हात झाकणारी पोलादी वाटी, आणि अंगठा मुठीच्या पाठीवर बसून लांबवलेला हात व पाते जवळजवळ एका रेषेत येईल असा मुठीचा कोन, कारण या तलवारीने घाव घालणे अभिप्रेतच नव्हते, दौडत्या घोड्याचा आणि स्वाराचा सगळा वेग टोकात उतरवण्यासाठी ती बनवली होती.