एका दाताचा हिशेब

दाताचा हिशेब म्हटल्यावर कुणाला दंतवैद्याची खुर्ची आठवेल. पण मी बोलणार आहे ते मोटारसायकलच्या दातांविषयी. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी साखळी दोन दातेरी चाकांवरून फिरते. एक लहान, इंजिनाजवळ झाकणाआड असतं. दुसरं मोठं, मागच्या चाकाला जोडलेलं. गॅरेजमध्ये दोघांनाही स्प्रॉकेटच म्हणतात. त्यांच्या दातांची संख्या बदलली की तीच गाडी वेगळी वागायला लागते. किती वेगळी, ते मला १९९८च्या गणपतीत वरंधा घाटात कळलं.

त्या काळी मी दर शनिवारी पुण्याहून दौंडला जायचो. सोलापूर रस्ता सपाट आणि सरळ. माझी गाडी १०० सीसीची, चार गिअरची. ताशी ६०च्या पुढे इंजिन ओरडायला लागे आणि पाय उगाचच पाचवा गिअर शोधू लागे. एका मित्रानं सुचवलं, ‘पुढचं स्प्रॉकेट एका दातानं मोठं टाक, पाचव्या गिअरचं काम होईल.’ खर्च किरकोळ होता. १४ दातांच्या जागी १५ दातांचं बसवून घेतलं.

आता थोडं गणित. रेडिओवर दात मोजून दाखवता येत नाहीत, तेव्हा मनातच चित्र काढा. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील, तर पुढचं चाक तीनदा फिरल्यावर मागचं एकदा फिरतं. पुढे १५ केले की तेच प्रमाण २.८ होतं. म्हणजे ज्या वेगाला इंजिन पूर्वी मिनिटाला ६,००० फेरे घेत होतं, त्याच वेगाला आता ५,६०० पुरतात. आवाज निवतो, हँडलची थरथर कमी होते. मी खूश होतो.

पण इंजिनाची ताकद एका दातानं वाढत नाही. पहारीनं दगड उचकटताना आपण लांब टोक पुष्कळ खाली नेतो, तेव्हा दगड जरासा हलतो. पहार तोकडी केली तर हात कमी हलवावा लागतो, पण जोर जास्त लागतो. मी माझी पहार तोकडी केली होती. फेरे वाचले, पण मागच्या चाकाला मिळणारी ओढ साधारण सात टक्क्यांनी घटली.

माझी आणखी एक समजूत होती, की गाडी आता सात टक्के जास्त पळेल. तीही यवतच्या पुढे समोरून वारा आला तेव्हा उडाली. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि लहान इंजिनाची बहुतेक ताकद ती हवा कापण्यातच संपते. चौथ्यात गाडी दम टाकू लागली आणि मला तिसरा गिअर टाकावा लागला. ज्या शांततेसाठी पैसे मोजले होते ती गेलीच.

गणपतीला आम्ही महाडकडच्या गावी निघालो. मागे सौ., तिच्या मांडीवर पिशवी, कॅरिअरला ट्रंक. भोरपासून रस्ता चढत जातो आणि घाटमाथ्यानंतर कोकणात एकदम कोसळतो. उतारावर गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन गाडीला मागे खेचत असतं. दात वाढवला की हा रोखही तेवढाच सैल होतो, हे माझ्या गणितात नव्हतं. त्यात मी आळसानं तिसऱ्याच गिअरमध्ये राहिलो. ब्रेकवर ब्रेक दाबून ड्रम तापले, आणि एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा मागचा ब्रेक जवळजवळ लागेना. गाडी कशीबशी डोंगराकडच्या गटारात घातली. ट्रंक पडली, आम्ही वाचलो.

परतीच्या चढावर एका ट्रकमागे वेग पडला. पहिल्या गिअरमध्येही इंजिन अडखळत होतं, म्हणून अर्धा क्लच धरून रेटत राहिलो. क्लच जळल्याचा वास सुटला तशी सौ. खाली उतरली आणि वरच्या वळणापर्यंत चालत गेली. चहाच्या टपरीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुण्यात मिस्त्री क्लच प्लेटा काढून म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडे एक दूधवाला येतो. त्याला मी १३ दातांचं बसवून दिलंय. चार कॅन लादून मावळातले चढ चढतो. पण त्याला कधी ऐंशीनं जायचं नसतं.’

मोटोक्रॉसच्या शर्यतीतले लोक हेच करतात. तिथे सरळ पट्टा आखूड, वळणातून उसळी मारून निघायचं असतं. मागे एकेक दात कमीजास्त करून ते मैदानाप्रमाणे गाडी जुळवतात. पुढचा एक दात हा मागच्या सुमारे तीन दातांइतका असतो, त्यामुळे बारीक फेरफार मागेच करणं सोयीचं. हा प्रश्न जुनाच आहे. आयल ऑफ मॅन बेटावरची शर्यत १९११ साली प्रथमच डोंगरावरून नेली, तेव्हा पट्ट्यावर चालणाऱ्या मोटारसायकली सर्रास होत्या. मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले ते साखळी आणि दोन गिअर असलेल्या ‘इंडियन’ गाड्यांनी. नाव इंडियन, कंपनी मात्र अमेरिकन!

तुम्हाला बदल करायचाच असेल, तर झिजलेल्या साखळीवर नवं स्प्रॉकेट चढवू नका. साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. पुढचं फार लहान केलं तर साखळीला जास्त वाकावं लागतं आणि तिचे सांधे लवकर झिजतात. मागचं मोठं केलं तर साखळी बहुधा लांब लागते. आणि स्पीडोमीटर कुठून चालतो ते विचारा. माझ्या गाडीची केबल पुढच्या चाकातून येत होती, म्हणून काटा खरं सांगत राहिला. काही गाड्यांत वेग गिअरबॉक्सजवळ मोजतात. तिथे पुढे एक दात वाढवला की गाडी काट्यापेक्षा जोरात जाते आणि आपल्याला पत्ता नसतो.

मी पुन्हा १४ दातांवर आलो. दौंडच्या रस्त्यावर इंजिन पूर्वीसारखंच ओरडू लागलं, मी पंचावन्ननं जाऊ लागलो. पुढच्या गणपतीला घाटात सौ.ला उतरावं लागलं नाही. ट्रंक मात्र तिनं आधीच एसटीनं पाठवून दिली होती.