आजीच्या गोळ्यांची पिशवी एकदा उघडा!

मोहोळच्या मेडिकलमधून आजी-आजोबांच्या गोळ्या आणायचं काम घरात कुणाचं? बहुतेक तुमचंच! मग हे वाचाच.

महादेवाला वाहतो तो धोतरा विषारी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. त्यातलं ॲट्रोपीन शरीरातल्या ॲसिटिलकोलीन या निरोप्याची वाट अडवतं. तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, माणूस बरळायला लागतो. सर्दीची क्लोरफेनिरामिन, खाजेची हायड्रॉक्सिझिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्याची अमिट्रिप्टिलिन या गोळ्याही कमी-अधिक हेच करतात. एकेकटी गोळी फारशी जाणवत नाही. पण एक डॉक्टर मोहोळचा, दुसरा सोलापूरचा, तिसरा पंढरपूरचा. तिघांच्या गोळ्यांचा भार मात्र एकाच अंगावर! त्यात म्हातारपणी मूत्रपिंड आणि यकृत मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ राहतं.

इंग्लंड-वेल्समधल्या ६५ वर्षांवरच्या सुमारे १३ हजार जणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हा भार जास्त असलेल्यांपैकी २० टक्के दोन वर्षांत वारले. अशी औषधं न घेणाऱ्यांपैकी ७ टक्के. मृत्यू गोळ्यांमुळेच झाले, असं यातून सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला एवढं पुरे.

म्हणून आजी अचानक गोंधळायला लागली, तिचा तोल जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. ‘यातली कुठली कमी करता येईल?’ एवढं विचारा. आपल्या मनानं मात्र एकही बंद करू नका.