जाम नदीचे दोन काठ

पोळ्याच्या करीला आमच्या बोरगावात आयांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पोरगा पांढुर्ण्याला तर गेला नाही ना?

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. त्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि मग दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्णेकर कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरतात, सावरगावकर त्यांना मागे रेटतात. झाड तुटून झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचला की गोटमार आटोपते. दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर कित्येकांचे प्राणही गेले. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्न वाया गेला. डोके फुटलेला गडी पट्टी बांधून पुन्हा काठावर येतो, ह्याचे कौतुक आम्ही लहानपणी ऐकले. आणि खोटे कशाला सांगा, पुढे स्वतःही केले.

ह्या प्रथेमागे एक कथा सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला. नदीच्या मध्यावर असताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही तिथेच गेली. कथा किती खरी, ह्यात आम्ही शिरत नाही. परंतु तीत धीराची माणसे दोनच आहेत, आणि त्यांच्या हाती दगड नाही. त्यातही मुलीचा धीर आम्हांस अधिक वाटतो; ती आपल्या बापाच्या काठाकडे पाठ करून निघाली होती. आपण स्मरण तिचे ठेवले, सोंग मात्र काठावरच्यांचे घेतले!

आमच्या शेजारचा एक विशीतला मुलगा दरवर्षी मित्रांबरोबर गोटमारीला जाई. एके वर्षी त्याच्या अगदी लगत उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोळ्याला दगड लागला. पुढल्या करीला मंडळी बोलवायला आली, तेव्हा हा उंबऱ्यातच उभा राहिला. बांगड्या भरण्याची थट्टा झाली. मुलाची लाज झाकावी म्हणून आई घाईने पुढे आली आणि म्हणाली, "त्याच्या अंगात ताप आहे रे."

"ताप नाही मले, आई," तो म्हणाला. "मी येत नाही, इतकंच."

मंडळी हसत निघून गेली. गल्लीच्या टोकापर्यंत ते हसणे ऐकू येत होते. तो गोठ्यात गेला आणि बैलांच्या शिंगांवरचा कालचा बेगड सोलत बसला.