गाणारी राणी

आमच्या संगीत नाटकातील राजा गद्य बोलतो व मधून पद म्हणतो. ऑपेरात बहुधा सर्व संभाषणच गायिले जाते. बेंजामिन ब्रिटनकृत 'ग्लोरियाना' हा इंग्रजी ऑपेरा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या उतारवयाचा. दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त तो ८ जून १९५३ रोजी लंडनमध्ये प्रथम झाला. पुरंदरेकृत 'जाणता राजा' (१९८५) हे महानाट्य शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वैभवापर्यंत चढत जाते. तेथे मात्र समारंभास जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे केसांचा टोप उतरविलेली वृद्धा उभी राहिली! त्यांस ते रुचले नाही. आम्हांस तीच राणी खरी वाटते. प्रिय एसेक्सच्या देहदंडाच्या आज्ञेवर सही केल्यावर ती गाणे सोडून बोलू लागते. आमच्या रंगभूमीवर यात नवल नाही. ऑपेराचा श्रोता मात्र तेथे दचकतो.