गोधडी

गोधडी हे वापरून मऊ झालेल्या सुती कापडांचे थर एकमेकांवर रचून, हाताने धावदोरा घालून शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ती प्रामुख्याने स्त्रिया घरच्या घरी शिवतात. रजईमध्ये पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत तसे भरण नसते. तिची ऊब कापडाच्या थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेमुळे निर्माण होते.

नावे

पश्चिम महाराष्ट्रात गोधडीला ‘वाकळ’ असेही म्हणतात. हिंदीत ‘गुदडी’, गुजरातीत ‘गोदडी’ आणि कन्नडमध्ये ‘कौदी’ ही नावे रूढ आहेत. जुन्या वाङ्मयात चिंध्या जोडून केलेल्या, विशेषतः विरक्तांच्या वस्त्रासाठी ‘कंथा’ हा संस्कृत शब्द आढळतो. ठिगळांचे वस्त्र पांघरणारे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांना ‘गोधडे महाराज’ असेही म्हटले जात असे.

साहित्य

पारंपरिक गोधडीचे मुख्य साहित्य म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरे. लुगडे विरले की प्रथम त्याला दंड घातला जाई, म्हणजे विरलेला भाग काढून उरलेले चांगले तुकडे जोडून ते पुन्हा नेसण्याजोगे केले जाई. तेही टिकेनासे झाले की ते गोधडीसाठी बाजूला ठेवले जाई. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येक भाग दोन मीटरहून किंचित लांब भरतो, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरतो. मोठ्या गोधडीसाठी असे दोन तुकडे रुंदीला जोडतात. वारंवार धुतल्याने कापड मऊ झालेले असल्यामुळे अनेक थरांतूनही सुई सहज जाते.

कृती

गोधडी सहसा उन्हाळ्यात, शेतीची कामे कमी असताना शिवली जाते. जमिनीवर अस्तराचे कापड ताणून पसरतात. त्यावर फाटक्या कापडांचे तुकडे सुरकुती न राहील अशा रीतीने रचतात आणि सर्वांत वर तुलनेने चांगले कापड किंवा रंगीत तुकडे जोडून केलेला थर घालतात. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालतात. त्यानंतर जाड सुईने पक्का धावदोरा घालतात. टाक्यांच्या ओळी कधी समांतर, तर कधी कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या चौकोनी फेऱ्यांच्या असतात. या ओळींमुळे सर्व थर एकत्र बांधले जातात आणि धुताना आतील कापड एका जागी गोळा होत नाही. लुगड्याचे काठ तुलनेने मजबूत असल्याने ते गोधडीच्या कडेला लावण्याची पद्धत आहे.

सामाजिक संदर्भ

मोठी गोधडी शिवण्यासाठी शेजारच्या स्त्रिया एकत्र बसत. अनेक ठिकाणी स्त्रिया मजुरीवरही गोधड्या शिवून देतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेल्या लहान गोधडीला ‘दुपटे’ म्हणतात. बाळंतविड्यात दुपट्यांना स्थान असते. नवरात्रातील घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर धुण्याची प्रथा आहे.

इतर प्रदेशांतील परंपरा

बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंध, राजस्थान व गुजरातमधील रल्ली या याच प्रकारच्या कला आहेत. कांथा व सुजनी यांत धावदोऱ्याने चित्रेही भरली जातात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कवंदीचे शिवणकाम कडेपासून सुरू होऊन मध्यभागी संपते आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान तुकडे शिवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात.

बदलते स्वरूप

कृत्रिम धाग्यांच्या साड्या प्रचलित झाल्यावर गोधडीचे मूळ साहित्य कमी झाले. असे कापड घाम शोषत नाही आणि त्याचे थर शिवताना एकमेकांवरून सरकतात. कारखान्यात तयार झालेली ब्लँकेटे सहज मिळू लागल्याने घरी गोधडी शिवण्याची गरजही घटली. दुसरीकडे नव्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या गोधड्या शहरांत विकल्या जातात. जुने कापड पुन्हा वापरणे हा मूळ हेतू त्यांत राहत नाही.

जुन्या गोधड्या फारशा टिकून राहत नाहीत. गोधडी विरली की तिच्यावर नवे कापड चढवून ती पुन्हा शिवली जाते आणि जुनी गोधडी नव्या गोधडीचा आतील थर बनते. अगदीच जीर्ण झाल्यावर तिची पायपुसणी होतात. त्यांवर शिवणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा वर्षही सहसा नसते. त्यामुळे या कलेचा इतिहास जतन केलेल्या नमुन्यांपेक्षा, ती शिवणाऱ्या स्त्रियांच्या स्मरणातून आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कौशल्यातूनच अधिक उरला आहे.