बाळंतिणीच्या खोलीतली आशाताई

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, असा आपल्याकडचा रिवाज. मग दवाखान्यानेच तिच्या खोलीत जायचं, ही साधी कल्पना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत राबवली. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

२०११ पासून हेच काम देशभर आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा स्वयंसेविका, करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झालं, तर पहिल्या दिवशीही. आशाताई आधी हात धुते, मग बाळाचं वजन करते, ताप पाहते. बाळ अंगावर नीट पितं का, गार पडलंय का, श्वास जोरात चालतोय का, नाळ चिघळली का, हे तपासते. आईला रक्तस्राव किंवा ताप आहे का, हेही विचारते. काही खटकलं, तर लगेच दवाखान्यात पाठवते. सासूबाईंची समजूत घालणं कुठल्याच तक्त्यात नसतं, पण निम्मं काम तेच.

या साऱ्या भेटींसाठी केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. तो फारच तुटपुंजा आहे.

घरात बाळ आलं असेल, तर आशाताईंना दारातून परत पाठवू नका.